मोहाची राखण

“म्हणजे रानपिंगळा संपला, असंच समजू ना बाबा?”

गफूरबाबा फकीर झोपडीपुढच्या सारवलेल्या अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण म्हणतं संपला?”

“शंभर वर्षांत कुणी पाहिला नाही.”

“कुणी म्हणजे?”

“आमच्यातल्या कुणी.”

“अस्सं…”

रानपिंगळा म्हणजे वीतभर उंचीचं घुबड. त्याच्यासाठी निरंजनने सातपुड्यात तीन उन्हाळे काढले होते. घुबड रात्रीच फिरणार, हे त्याने लेखात ठासून छापलं होतं. म्हणून रात्रभर बॅटरी घेऊन रान तुडवायचं आणि दिवसभर तंबूत झोपायचं, हा त्याचा नेम. वाटेत बाबांना झोपेतून उठवून पाखराची चौकशी करायची, हाही नेमच. बाबा दर वेळी कूस बदलत आणि सकाळी ये म्हणत. सकाळी निरंजन घोरत असे.

आज मात्र तो तंबू गुंडाळून थेट इकडे आला होता. संध्याकाळच्या गाडीने परत जायचं आणि अहवालात ‘नामशेष’ लिहून मोकळं व्हायचं. त्या एका शब्दाने त्याची झोप उडाली होती.

बाबांनी हातातली काठी त्याच्यापुढे धरली.

“मी पाण्याला जातो. वानरं येतील. फुलांवर लक्ष ठेव.”

“बाबा, मी पक्ष्यांचा अभ्यासक आहे.”

“मग वानरं तुला घाबरतील.”

आपल्याला दिवसा जागायची सवय नाही, असं निरंजन पुटपुटला. पण बाबा घागर घेऊन केव्हाच उतरले होते.

ऊन चढलं. डोळे मिटायला लागले की तो स्वतःलाच चिमटा काढी. समोर पानं झडलेला साग उभा होता. त्याच्या शेंड्यावर काहीतरी हललं…

बुटकं, गुबगुबीत पाखरू. माथा तपकिरी, त्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. पोट पांढरंशुभ्र. ते भर उन्हात शेपटी झटकत बसलं होतं. मग ते सपकन खाली आलं, एक सरडा उचलला आणि पुन्हा शेंड्यावर जाऊन निवांत खायला लागलं.

रानपिंगळाच! निरंजनने ओळखलं. वही झोपडीत होती, दुर्बीण पिशवीत होती. तो जागचा हलला नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. शेजारी दोन वानरं मूठमूठ मोह खात होती, त्याचंही त्याला भान नव्हतं.

बाबा परतले, तेव्हा अंगण अर्धं रिकामं होतं.

“फुलं?”

“बाबा, तो आहे… त्या सागावर… आत्ता, उन्हात!”

बाबांनी डोळ्यांवर हात धरून सागाकडे पाहिलं.

“हा होय? हा तर रोज येतो.”

“मग तीन वर्षं मला सांगितलं का नाही?”

“तीन वर्षं तू मला रात्री विचारलंस, बेटा. रात्री तो कुठे असतो, मला काय ठाऊक? मी झोपलेला असतो.”

निरंजन हसत सुटला. हसता हसता खाली बसला आणि उरलेली फुलं पसरू लागला. मग त्याने विचारलं,

“आता अहवालात काय लिहू, बाबा?”

बाबांनी घागर सावलीत ठेवली.

“लिही… तीन वर्षं बेपत्ता असलेला माणूस आज दुपारी जिवंत दिसला.”