हिरवा दिवा

“पण भन्ते, मन स्थिर झालं हे ओळखायचं कशावरून?”

“ओळखायची घाई सुटली, की...”

प्रशिक गेडामला हे उत्तर पटलं नाही. तो इंजिनिअर होता. पवनीच्या विहारात भन्ते सुभद्रांकडे ध्यान शिकायला येऊ लागल्यापासून त्याला एकच ध्यास होता, प्रगती डोळ्यांना दिसली पाहिजे.

त्याच्या टेबलावर बोटभर उंचीचा एक यूएसबी दिवा होता. घरी बसून त्यानं तो उघडला. आत दोन रंग बसवले, एक तार बाहेर काढली आणि तिच्या टोकाला एक पातळ पट्टी जोडली. पट्टी आसनाखाली ठेवायची. माणूस निश्चल, तर दिवा हिरवा. जरा चुळबुळ झाली, की लाल.

रविवारी सकाळी पॉवर बँकला दिवा जोडून तो पहिल्या रांगेत बसला.

भन्तेंनी दिवा पाहिला. मग आपल्या आसनावर बसले.

ध्यान सुरू झालं. दिवा हिरवा होता. प्रशिक अर्धोन्मीलित डोळ्यांनी त्याच्याकडेच पाहत होता.

तेवढ्यात दारातून यमुताई आल्या. रोज विहार झाडणाऱ्या. आज हातात झाडू नव्हता. प्रशिकच्या शेजारी येऊन त्या मटकन खाली बसल्या.

“भन्तेजी... माहा पोरगा गेला जी...”

त्यांचा तोल गेला. आधारासाठी हात चाचपडत प्रशिकच्या गुडघ्यापर्यंत आला... आणि रिकामाच फरशीवर पडला.

दिवा हिरवाच होता.

भन्ते आसनावरून उठले. ध्यान मोडून कधी न उठणारे भन्ते भराभर आले, फरशीवर बसले. यमुताईंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. त्या हुंदक्यांबरोबर भन्तेही हलत राहिले...

पुष्कळ वेळानं शेजारणी यमुताईंना धरून घरी घेऊन गेल्या. विहार रिकामा झाला.

प्रशिक दिवा घेऊन पुढे आला.

“भन्ते, वाईट झालं. फार वाईट झालं.” त्यानं दिवा वर धरला. “पण... तुम्ही पाहिलंत ना? एवढा आकांत झाला, तरी एकदाही लाल झाला नाही.”

“पाहिलं.”

“म्हणजे जमतंय मला?”

प्रशिकनं दिवा उलटसुलट करून पाहिला.

“की यंत्रातच काही चूक आहे? पुन्हा उघडून बघू?”

भन्तेंनी त्याचा हात हातात घेतला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. चीवर ओलंचिंब होतं.

प्रशिकनं हात मागे घेतला नाही. त्याला तो घेता आला नाही.

“यंत्रात चूक नाही, बाळा,” भन्ते हळूच म्हणाले. “तू खरंच हलला नाहीस.”