ज्येष्ठ अमावास्येची मृगया

पूर्वी कृतयुग सरून त्रेतायुग नुकतेच उजाडत होते आणि पशूंची वाणी अजून लोपली नव्हती, त्या काळी विंध्याच्या दक्षिण उतारावर, पयोष्णीच्या तीरी अरिष्टसेन नावाचा राजा राज्य करीत होता. शत्रूंच्या गजदळांचे मर्दन करणारा, ज्याच्या धनुष्याचा टणत्कार ऐकून गुहेतल्या सिंहानेही कूस बदलावी, असा तो नरव्याघ्र होता. पण दुसऱ्याने सांगितले म्हणून एखादी गोष्ट केली, असे त्याच्या हातून जन्मात घडले नव्हते. भाट याला मानधनता म्हणत. आपण हटवादीपणा म्हणू.

वनाची अधिष्ठात्री देवी अरण्यानी हिने त्या प्रांती एक मर्यादा घालून दिली होती. ज्येष्ठ अमावास्येचा सूर्य मावळताच प्रत्येक धनुर्धराने प्रत्यंचा उतरवून धनुष्य भूमीवर ठेवायचे, ते शरद ऋतूपर्यंत उचलायचे नाही. कारण पुढचे पर्जन्याचे दिवस वनातल्या कोवळ्या जीवांचे. ही मर्यादा अरिष्टसेनही पाळत असे. देवीची मर्यादा ही काही आज्ञा नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

त्या वर्षी मृगयेच्या या अखेरच्या दिवशी, पाणी आटलेल्या पयोष्णीच्या डोहाकाठी त्याला एक सांबर दिसले. मेघासारखा श्यामल, विशाल स्कंधांचा, कळपाचा स्वामी शोभणारा तो महामृग पाणी पिऊन मान वर करतो न करतो, तोच राजाने कर्णी बाण सोडला. कर्णी म्हणजे उलट्या काट्यांचा बाण. सरळ उपसला तर मांस फाडीत येतो, आणि न फाडता फिरवून काढण्याचे कसब मुरलेल्या धनुर्धराच्याच हातात असते. कुशीत बाण घेऊन तो मृग काटेकुटे तुडवीत, रक्ताचा माग सोडीत धावला, आणि धूम्रायण ऋषींच्या आश्रमाची सीमा ओलांडून आत कोसळला.

हे धूम्रायण म्हणजे तपाने सूर्यासारखे तेजस्वी आणि रागानेही तसेच. अग्निहोत्र सोडून ते उठले, मृगाच्या आडवे उभे राहिले, तेवढ्यात राजाही सीमेशी येऊन ठाकला.

"मुनिवर," राजा म्हणाला, "माझ्या बाणाने विद्ध झालेला पशू तडफडत टाकून मी कधी परतलो नाही. मार्ग सोडा. एका बाणात त्याच्या यातना संपवतो."

"हा माझा शरणागत आहे," ऋषी गरजले. "शस्त्राला न शिवण्याचे माझे व्रत आहे, म्हणून आत येऊन तुझा बाण तूच काढ, वनौषधींनी व्रण मी भरतो. पण आधी ते धनुष्य खाली ठेव."

एवढेच करायचे होते. सूर्य वृक्षांच्या शेंड्यांना टेकला होता, आणि घटकाभराने राजा ते धनुष्य ठेवणारच होता. पण 'ठेव' हा शब्द त्याच्या वर्मी लागला.

"देवीसाठी ठेवीन," तो म्हणाला. "तुझ्या सांगण्यावरून नाही."

मग काय, आगीत तेलच पडले. राजाने आपल्या कुळाचे पराक्रम मोजून दाखवले, ऋषींनी आपल्या तपाची वर्षे ऐकवली. एकाने दुसऱ्याला जटाधारी भिक्षेकरी म्हटले, दुसऱ्याने पहिल्याला मुकुट घातलेला व्याध. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे तिसऱ्याचा प्राण चालला होता. मला तर दोघांचाही संताप येतो, कारण दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि तेवढ्यावरच दोघे खूश होते.

अखेर मृगच बोलला. "मुनी, त्याला विनवून पाहा. राजा, त्याचे ऐक. तुमच्यापैकी एकजण वाकला तरी मी वाचेन."

ऋषी म्हणाले की इंद्रापुढे जे मस्तक लवले नाही ते एका शिकाऱ्यापुढे लवणार नाही. राजा पश्चिमेकडे पाहत होता. सूर्यबिंब बुडाले तशी त्याने सावकाश प्रत्यंचा उतरवली, धनुष्य भूमीवर ठेवले, आणि पाहा, मी माझ्या इच्छेने ठेवले, अशा ऐटीत सीमा ओलांडली. बाण त्याने उत्तम काढला. मांसाचा तंतूही तुटला नाही. पण रक्त केव्हाच वाहून गेले होते आणि मृगाचे डोळे विझत चालले होते.

तेव्हा भूमी कंप पावली आणि हरितवसना अरण्यानी प्रकट झाली. तिने मृगाचे मस्तक मांडीवर घेतले. गेलेले आयुष्य परत आणणे आपल्या हाती नाही, पण एक वर देते, असे ती म्हणाली.

"माते," मृग म्हणाला, "माझ्या कुळाला या दोघांसारखे होऊ देऊ नकोस. आम्हीही शिंगे रोखून एकमेकांवर धावून जातो. ऋतू सरला की ती आपोआप गळून पडोत. ठेव असे कुणी म्हणायला नको, आणि ठेवणार नाही असेही कुणी म्हणायला नको."

"तथास्तु," देवी म्हणाली, आणि मृगाने प्राण सोडला. मग तिने राजाकडे पाहिले. "अरिष्टसेना, तुझ्या वंशजांच्या युद्धाला ऋतू राहणार नाही. शस्त्र खाली ठेवण्याचा मुहूर्त शोधता शोधता ते मरतील. आणि धूम्रायणा, तुझ्या आश्रमात यापुढे कोणताही जीव शरण येणार नाही."

तसेच झाले. पयोष्णीच्या काठचे ते राजकुल आपसांत लढून निर्वंश झाले. धूम्रायणांच्या आश्रमाच्या सीमेवरून पाखरूसुद्धा वळून जाऊ लागले, आणि ऋषी आपला क्रोध उराशी धरून एकटेच झिजले. सांबरांना मिळालेला वर मात्र अजून चालू आहे. ग्रीष्म सरत आला की त्यांची शिंगे गळून पडतात, आणि सांबरे मागे वळून न पाहता दाट झाडीत निघून जातात. माणूस ती शिंगे शोधत रानोमाळ हिंडतो, सापडली की घरी आणतो, आणि त्यांच्यापासून सुऱ्यांच्या मुठी करतो.