वाटेत धुऊन गेलेलं औषध

"आणि वाटेत रेंगाळला तर?" भानुनाथांनी विचारलं.

"कोण, महाराज?"

"तुझा फुगा."

डॉक्टर पुष्कर खूश झाला. या फुग्याच्या उपचाराबद्दल झालेल्या एवढ्या सत्कारांत भाषणं ढीगभर झाली, पण असा नेमका प्रश्न विचारायला शेवटी डोंगरावरचा मठच लागला. गळ्यातले हार अजून तसेच होते, डोक्यावर फेटाही. त्या लवाजम्यानिशी वाकता येईना, म्हणून आल्या आल्या त्याने गुरूंना लांबूनच हात जोडले होते. महाराज घोंगडी पांघरून धुनीपाशी बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

"औषध फुग्यावरच माखलेलं असतं, महाराज," तो रंगात येऊन सांगू लागला. "जांघेतून नळी आत सरकवायची आणि पायातली शीर जिथं तुंबलीय तिथं थेट जायचं. तिथं फुगा फुगवायचा. औषध शिरेला लागतं, फुगा काढून घेतला तरी ती पुन्हा लवकर तुंबत नाही."

"आणि रेंगाळला तर?"

"तर संपलंच! रक्त वाहतं असतं ना. औषध वाटेतच धुऊन जातं. पोचतो तो नुसता कोरडा फुगा."

"मग?"

"म्हणून मध्ये थांबायचं नाही. आमच्याकडचा पहिला धडा आहे हा."

"तू पाळतोस?"

"आजवर चुकलो नाही."

भानुनाथांनी धुनीतलं लाकूड पुढे सारलं.

मठाचं सगळं बघणारी मालनबाई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. पुष्करला वाटलं, आपलं कर्तृत्व ऐकून बाईला भरून आलं. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्याला खालचं नीट दिसतंय कुठं!

"आता तुमचा पाय दाखवा," तो म्हणाला. "तपासायचं सामान गाडीत आहे. उद्या शहरात नेतो, आठवड्यात तुम्ही घाट चढाल."

महाराजांनी घोंगडी आणखी ओढून घेतली.

पुष्करने मग हार काढून बाजूला ठेवले. पोरका होता तेव्हा याच माणसाने त्याला खांद्यावर घेऊन घाट उतरून शाळेत पोचवलं होतं. तो पुढे सरकला आणि पायांवर डोकं ठेवायला त्याने घोंगडीखाली दोन्ही हात घातले.

उजव्या हाताला पाऊल लागलं.

डावा हात चाचपत राहिला...

घोंगडी बाजूला झाली. गुडघ्याखाली पट्टी होती, आणि पट्टीखाली काहीच नव्हतं.

पुष्करने वळून मालनबाईकडे पाहिलं.

"निरोप धाडला व्हता की, डागदर," मालनबाई रडत म्हणाली. "अंगठा काळानिळा पडलाय म्हून. तुमी म्हनलासा, निगालोच. मग तालुक्याला सत्कार... मग साळंत सत्कार... म्हैना गेला. हितं विख वर चढाय लागलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्हेलं, त्यांनी जीव वाचवला."

"मी... मी निघालो होतो, महाराज. खरंच निघालो होतो..."

त्याने उरलेल्या पावलावर डोकं टेकवलं. फेटा सुटून घोंगडीवर पडला.

भानुनाथांनी त्याच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"औषध चांगलं होतं, पोरा... वाटेत धुऊन गेलं."