कंटाळलेलं गाठोडं

एक होता राजा, आणि त्याचं कधी म्हणून काही ठरायचंच नाही. आज खिचडी की पिठलं, एवढ्यातच त्याची दुपार व्हायची. नाव विचारसेन. त्याची राणी सुरंगा. तिच्या जिवाला नुसता ताप, बरं का!

एकदा काय झालं, राणीच्या भावाला मुलगा झाला. भाऊ राहायचा जांभूळनगरात. राजधानीपासून ते इतकं जवळ, की गच्चीवर उभं राहिलं तर तिथल्या चुलींचा धूर दिसायचा. बाळाचं बारसं ठरलं. आता बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? बरोबर, आत्या! भावानं निरोप धाडला, "ताई, दिवस मावळायच्या आत ये. नाहीतर पोर बिननावाचं राहील."

राणीनं पहाटेच प्रस्थान ठेवलं. म्हणजे काय, तर मुहूर्त टळू नये म्हणून आपलं एक गाठोडं आधीच दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. मग आपण निघालो असं धरतात. राणीनं कुंची, अंगडं, दुपटं बांधलं आणि गाठोडं वेशीवरच्या माळणीच्या ओट्यावर ठेवलं.

मग राजानं पालखी बोलावली. राणी बसली. भोई उचलणार, तोच राजा म्हणाला, "थांबा! वाटेत चढ आहे. त्यापेक्षा नावेनं जाऊ." राणी उतरली.

मग सगळे नदीवर गेले. राणी नावेत बसली. नावाड्यानं दोर सोडला. राजा म्हणाला, "थांबा! वारा उलटा वाटतोय. त्यापेक्षा हत्ती बरा." राणी उतरली. लुगड्याचा काठ भिजला आणि डोकं तापलं.

मग हत्ती आला. शिडी लावली. राणी कशीबशी वर चढून अंबारीत बसली. आणि राजा काय म्हणाला असेल? "थांबा! हत्ती फार हळू चालतो. पालखीच बरी होती, नाही का गं?"

अस्सा संताप आला राणीला! मला इथं नुसतं सांगताना येतोय, मग तिला किती आला असेल! ती म्हणाली, "अहो, तुमचं ठरेपर्यंत त्या पोराची मुंज होईल!"

पण राजा आपला बोटं मोजतोय. पालखी, नाव, हत्ती. हत्ती, नाव, पालखी.

तिकडे गाठोडं वाट बघून बघून कंटाळलं. म्हणे आपण निघालो, आणि बसलोय इथंच! मग त्यानं काय केलं ठाऊक आहे? गाठीची दोन टोकं खाली सोडली, त्यांचे केले पाय, ओट्यावरून मारली टुणकन उडी आणि लागलं चालायला. माळण ओरडत आली, "राणीसाहेब, तुमचं प्रस्थान निघालं हो!"

राणी सरसर खाली उतरली. तिनं पदर खोचला आणि धावली. "थांब रे मेल्या!" पण गाठोडं थांबतंय कसलं! चढावर गाठोडं पुढे, राणी मागे. ओढ्यात गाठोडं पुढे, राणी मागे. माळावरही तेच. धापा टाकत राणीनं मान वर केली, तर समोर जांभूळनगरची वेस! एवढंसंच तर अंतर होतं! राणीला हसावं की रडावं कळेना.

ऊन उतरत आलं होतं. बायका पाळण्याभोवती ताटकळल्या होत्या. गाठोडं उंबऱ्यापाशी जाऊन गप्प बसलं. राणीनं पाय धुतले, बाळाला कुंची घातली आणि वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी "कुर्रर्र" करत तिच्या पाठीत धपाटे घातले. बाळ टकमक आत्याकडे बघत राहिलं. राणीचे डोळे भरून आले. आणि नाव काय ठेवलं होतं, माहितीये? निश्चय!

दिवेलागणीला राजा पोचला. स्वतः पालखीत, मागे रिकामा हत्ती आणि त्याच्या मागे बैलगाडीवर चढवलेली नाव. म्हणे, वाटेत विचार बदलला तर असावी.

जेवणं झाली. सुपारी कातरता कातरता राजा म्हणाला, "मग परत कशानं जायचं गं?"

राणी माहेरच्या झोपाळ्यावर बसली होती. आख्ख्या दिवसात ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "ठरवा की सावकाश. मला काही घाई नाही."

मग राजा विचार करत राहिला, राणी माहेरी राहिली, आणि दोघंही अगदी सुखात राहिले. आणि आता उजव्या कुशीवर झोपू की डाव्या, हे मला कुणी विचारायचं नाही. मिटा डोळे!