थापेआधीचा हात

"मग चाचा, तुम्ही अजून तो जुनाच इक्वलायझर का वापरता?"

ओजसने हे खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. तो पुण्याहून ध्वनिमुद्रण शिकून आला होता, आणि मिरजेत ही गोष्ट अजून कोणाला ठाऊक नसेल तर त्यात त्याची काही चूक नव्हती.

खलीलचाचा स्टुडिओच्या कोपऱ्यात चहा गाळत होते. पुण्याला जायच्या आधी त्यांच्याच हाताखाली हा पोरगा तयार झाला होता.

"जुन्यात काय वाईट?"

"खालची घरघर कापतो, पण कापताना आवाज जागचा हलवतो. काही सूर मागे रेंगाळतात. माझा नवा लिनियर फेजवाला काही म्हणजे काही हलू देत नाही. सगळं जिथल्या तिथे. शुद्ध."

"काही न हलवता कापतो... मग त्याचं मोल कुठे घेतो?"

"कसलं मोल? कॉम्प्युटरला जरा वेळ लागतो, बस."

चाचांनी कप हातात घेतला.

"लाव तुझं काम."

भजनाचं मुद्रण होतं, नव्या इक्वलायझरने घरघर कापलेलं. ओजसने बाकी सगळं बंद करून एकटा पखवाज लावला. वाजवणारे नरहरबुवा. दत्ताच्या देवळात उभा जन्म वाजवत आलेले. चाचांनीच ओजसला त्यांच्याकडे पाठवलं होतं.

चाचा ऐकत राहिले. मग म्हणाले, "थापेच्या आधी काय आहे ते?"

"पकडलंत ना!" ओजस खूश झाला. "थाप पडायच्या आत एक पुसट फुंकर येते. बुवांचा हात. आधीच पुडीच्या कातड्याला घासतोय. थरथरतो आता."

"त्यांना बोललास?"

"ऐकवलंच की. पुरावाच होता. त्यांच्या मुलासमोर स्पष्ट सांगितलं, बुवा, आता हात राहिला नाही."

"मग?"

"हाताकडे बघत बसले... मग वाजवण्यासाठी पुडीवर थापलेली कणीक खरवडली, पखवाज गवसणीत घातला. मुलाला म्हणाले, गुरुवारी देवळात दुसरं कोणी बघा."

चाचांनी चहा न पिताच कप खाली ठेवला.

"इक्वलायझर बंद कर."

ओजसने बंद केला. खालची घरघर परत आली. थाप पडली. तिच्याआधी काहीच नव्हतं.

"तसंच पुन्हा वाजव."

पुन्हा थाप. स्वच्छ, ठणठणीत.

"आता माझा जुना घे. घरघर तेवढीच काप."

घरघर गेली. थाप पडली. तिची शेपूट किंचित लांबली. आधी मात्र काहीच नाही.

ओजसचे कान तापले. हे त्याला शिकवलेलं होतं. काहीच हलू द्यायचं नाही, म्हणून हा इक्वलायझर थापेचा थोडा अंश थापेच्या आधीच सांडतो. जितका खोल काप, तितका जास्त. फुंकर त्याची होती, बुवांच्या हाताची नव्हे. परीक्षेत हेच लिहून त्याने पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

त्याला चाचांकडे बघवेना. लाज अशी वाटली की उठून निघून जावं.

"चाचा... हा आजपासून बंद. कायमचा."

"का रे? परवा एका तंबोऱ्याला दोन माइक लावलेस. एकाचा खर्ज कापलास. दोन्ही माइकांचे आवाज एकमेकांना धरून कोणामुळे राहिले?"

"...याच्यामुळे."

"मग त्याच्यावर कशाला ढकलतोस?"



ओजसने माऊसकडे हात नेला. "मी हे लगेच नीट करतो. बुवांना स्वच्छ केलेली फाइल पाठवतो. लिहितो, सुंदर वाजलंय. त्यांना बरं वाटेल. बाकीचं कशाला..."



चाचांनी माऊस त्याच्या हातून काढून घेतला. जुना इक्वलायझर काढला, ओजसचा परत लावला.

थाप पडली. तिच्याआधी ती पुसट फुंकर.

"ही फाइल घेऊन जा. आजच. आणि मुलालाही समोर बसव."

"ही? चाचा, हीच ऐकून तर त्यांनी पखवाज ठेवला..."

"हीच."

"आणि त्यांना सांगू काय?"

चाचांनी गार झालेला चहा उचलला.

"बुवा ऐकतील... आणि पुन्हा आपल्या हाताकडे बघतील. तेव्हा तुझा पुढे कर. म्हण, थापेआधीचा हात हा."