काकीच्या दारातला समुद्र

एका मोबाईलच्या आत एक गाव होतं. खेळातलंच गाव, पण त्याला किनारा होता, धक्का होता, लाटांचा आवाजही होता. गावात एकोणीस घरं होती आणि प्रत्येक घराला खरंखुरं माणूस होतं. म्हणजे माणसं आपापल्या ठिकाणी, कुणी पनवेलला, कुणी गोव्यात, कुणी जहाजावर. पण हातात मोबाईल घेतला की सगळी या गावात. मालवणच्या बाजूची ही मच्छीमारांची वाडी पोटापाण्यासाठी दहा दिशांना पांगली होती. ती इथे पुन्हा जमली होती.

गाव काढलं होतं पुण्यात नोकरी करणाऱ्या देवदत्त मेथरने. खेळाचा नियम असा की ज्याने गाव काढलं तो गावाचा मालक. त्याने बोटाने कुणाचंही घर उचलावं आणि कुठेही ठेवावं, दुसऱ्याने हूं की चूं करायचं नाही. सुरुवातीला देवदत्तने ही मालकी कधी वापरली नाही. "ज्याका जंय होया थंय घर बांदा," असं तो सगळ्यांना म्हणाला. सगळ्यांनी बांधली, कुणी तिरकी, कुणी वाकडी, एकमेकांच्या अंगणात पाय सोडून.

इंदूकाकी कुबलने बांधलं ते अगदी पाण्याला टेकून. काकीचं वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे कामातून गेलेले. ती डोंबिवलीला मुलाकडे सातव्या मजल्यावर राहायची. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे आणि भिंतीवरचे पाइप. सुनेने हा खेळ मोबाईलवर घालून दिला, तेव्हापासून काकी रोज संध्याकाळी सहाला खेळातल्या घराचं दार उघडून समुद्र बघत बसे. अंगणात चटई पसरून तिने त्यावर सुंगटं, म्हणजे कोळंबीही वाळत घातली होती. हे सगळं खोटं आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण खरा समुद्र आता आपल्याच्याने होणार नाही, हेही तिला कळत होतं.

मग एक दिवस स्पर्धा आली. 'किनाऱ्यावरचं सर्वांत सुंदर गाव.' खेळ काढणारेच परीक्षक पाठवणार होते. देवदत्तच्या अंगात वारं शिरलं. त्याने गावाकडे पहिल्यांदा परक्याच्या नजरेने पाहिलं आणि त्याला आपलीच लाज वाटली. हे कसलं गाव! घरं कशीही, वाटा कशाही, जिकडे तिकडे मासळी. त्याने बाह्या सरसावल्या.

आधी सगळी घरं पांढरी केली, दारं निळी केली. कुणाला विचारलं? कुणालाही नाही. भिवानाना तांडेलने वाटेत उपडी टाकलेली बापाच्या नावाची होडी त्याने सरळ केली आणि तिच्यात माती भरून शेवंती लावली. धक्क्यावर वाडी रोज गप्पा मारायला बसायची, तिथे दिव्यांचे नक्षीदार खांब आणि कुंड्या अशा दाटीने लावल्या की उभं राहायलाही जागा उरली नाही. काकीची सुंगटं चटईसकट कचऱ्यात गेली. आणि काकीचं घर त्याने किनाऱ्यावर नव्याने उभारलेल्या दीपगृहाच्या आड येत होतं, म्हणून ते उचलून त्याने डोंगरामागे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सहाला काकीने दार उघडलं. समोर डोंगर. तिला वाटलं मोबाईल बिघडला. तिने तो बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा डोंगरच. तेव्हा तिने देवदत्तला फोन लावला.

"देवू, माझ्या दारातलो समुद्र खंय गेलो रे?"

"काकी, तिथे आता दीपगृह उठून दिसतं. तुम्हाला मागे दुप्पट मोठी जागा दिलीय."

पूर्वी देवदत्त काकीशी मालवणीत बोलायचा. स्पर्धा लागल्यापासून त्याची भाषा एकदम शुद्ध झाली होती. वाईट बातमी सांगणारी भाषा नेहमीच शुद्ध असते.

"जागा घेवन मी काय करू? माका समुद्र होयो."

"स्पर्धेपुरतं समजून घ्या ना. शेवटी हे सगळं आपल्या गावासाठीच चाललंय."

काकीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या गावासाठी म्हणे! मग गावातलं कोण ते? आयुष्यभर तिने हेच ऐकलं होतं. बाजारात मासे विकायला बसावं तर वास येतो, म्हणून पलीकडे सरका. पलीकडे बसावं तर दिसायला बरं नाही, म्हणून आणखी मागे सरका. पण ते सांगणारे परके होते. आता सांगत होता तो शेजारच्या घरात रांगलेला, तिच्या हातची पेज प्यायलेला देवू. परक्याचा राग पचवता येतो, हा कसा पचवायचा?

भिवानाना गोव्यात एका हॉटेलवर राखणदार होता. त्याने होडी पाहिली आणि सगळ्यांना वाचता येईल असं गावाच्या फळ्यावर लिहिलं, "होडी काय कुंडी हा?" देवदत्तने फळाच पुसून घेतला आणि त्यावर सुबक अक्षरांत सूचना लावली. रविवारी संध्याकाळी पाच वाजता परीक्षक येणार आहेत. सर्वांनी पांढरे कपडे घालून आपापल्या दारात उभे राहावे. इकडेतिकडे फिरू नये.

ही सूचना काकीने दोनदा वाचली. मग तिने ठरवलं की या गावात आता राहायचं नाही. भिवाशी फोनवर बोलली, भिवा बाकीच्यांशी बोलला. सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. पण न सांगता निघून जायची रीत वाडीत नव्हती. काकीने फळ्यावर निरोपाचा शब्द लिहायला बोट उचललं आणि ते 'जातंय' लिहायला धजेना. उंबरा ओलांडताना 'जातो' म्हणत नाहीत. जाणारा माणूस 'येतो' म्हणून जातो. तिने सूचनेखाली लिहिलं, "येतंय हां." खाली भिवाने लिहिलं, "येतंय." त्याखाली एकेक करून उरलेल्या सोळा घरांनी तेच लिहिलं.

देवदत्तने ते वाचलं आणि तो खूश झाला. सगळे येतायत! रुसवा गेला म्हणायचा. त्याने त्याच आनंदात दीपगृहाला आणखी एक रंग दिला.

रविवारी पाच वाजता परीक्षक आले. अठरा दारं बंद, वाटेवर चिटपाखरू नाही. पण परीक्षकांची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. उलट ते खूश झाले. "वा! एवढा स्वच्छ किनारा आम्ही अजून पाहिला नव्हता. फोटोत कुणी मधे मधे येतही नाही!" त्यांनी पहिला नंबर देऊन टाकला आणि वेशीवर सोन्याची कमान उभी केली.

देवदत्तने फळ्यावर लिहिलं, "आपण जिंकलो!" तासभर वाट पाहिली. खाली एक अक्षर उमटलं नाही. शेवटी त्याने काकीला फोन केला.

"काकी, कुठे आहात सगळे? तुम्ही तर येतंय म्हणाला होतात."

"मगे? निगताना जातंय म्हणूचा नसता, आवशीन शिकवल्यान नाय तुका? आमी निरोप घेतलो. तुका तो कळूक नाय, ह्यातच सगळा इला."

देवदत्त म्हणाला, "पण पहिला नंबर आला, काकी. आपल्या गावाचा."

"आपल्या?" काकीचा आवाज चढला. "माझा घर तू माका इचारून हलवलंस? भिवाच्या बापाशीची होडी त्याका इचारून भरलंस? इनाम तुझा, कमान तुझी, गावय तुझा. बस थंय एकटो नि बघ."

फोन ठेवावा तर ठेववेना. देवदत्तने वेशीपासून दीपगृहापर्यंत नजर फिरवली. सगळं जिथल्या तिथे होतं. हाक मारायला मात्र कुणी नव्हतं. तो बोलला तेव्हा त्याची शुद्ध भाषा गळून पडली होती.

"काकी, तुमी खंय आसात?"

"भिवान दुसरा गाव काढल्यान हा. थंय मालकी कोण चालवणा नाय. कोणाचा काय हलवूचा झाला तर ज्याचा ता त्याका इचारूक लागता."

"मी येवू?"

काकीच्या मनात रागही होता आणि पेज पाजलेल्या पोराची मायाही होती. राग जरा जास्तच होता.

"येवचा तर ये," ती म्हणाली. "पण पयले चार म्हयने तुझा घर डोंगरामागे."

तात्पर्य: ज्यांचं गाव त्यांनाच न विचारता केलेली सजावट म्हणजे गोड शब्दांत केलेली हकालपट्टी, तिला बक्षीस मिळालं म्हणून ती चांगली ठरत नाही.