काविळीचं कारण

सोलापुरात यकृताच्या आजारांवर डॉक्टरांचं प्रशिक्षण शिबिर भरलं होतं. मुख्य तज्ज्ञ डॉ. दळवी यांनी कावीळ झालेल्या निवृत्तीराव गुंड या वृद्ध रुग्णाला व्यासपीठावर बसवलं.

"सगळ्या तपासण्या झाल्या, कारण सापडलं नाही. उद्या सुई घालून यकृताचा तुकडा काढणार. कुणाला काही सुचतंय?"

खेड्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. शकुंतला बनसोडे उठल्या, तसे दळवी हसले. "बाई, इथं मोठमोठ्या यंत्रांनी हात टेकलेत."

बाई निवृत्तीरावांशेजारी जाऊन बसल्या. "बाबा, सकाळी उठल्यावर पोटात काय काय जातं?"

"आधी काढा, गुडघ्यांसाठी. तीन महिने झाले, रोज पेलाभर घेतो. मग चहा."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. दळवी चिडले. "मी चार वेळा विचारलं, औषध घेता का म्हणून. हे नाही म्हणाले!"

"खरंच बोलले ते, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांच्या घरी काढ्याला औषध म्हणत नाहीत. तुम्ही सगळं तपासलंत, फक्त तुमचा प्रश्न तपासायचा राहिला."

दळवींनी सुई लांबणीवर टाकली आणि काढा बंद करवला. दीड महिन्यात कावीळ उतरली. पुढच्या शिबिरात पहिलं व्याख्यान बनसोडेबाईंचं होतं, आणि दळवी पहिल्या रांगेत वही उघडून बसले होते.